बर्फ पडतो, तरी तेच कॉलेज हवंय? मग असं ठरवा

भाचीने गेल्या नोव्हेंबरात मला नऊ अमेरिकन कॉलेजांची यादी पाठवली. त्यातल्या तीन नावांपुढे लाल अक्षरांत एकच शब्द होता : बर्फ. आणि तिला जो विषय शिकायचाय, त्यासाठी यादीतली सगळ्यात चांगली कॉलेजं नेमकी तीच तीन होती. फोन केला तर म्हणाली, "मावशी, कॉलेज आवडलंय गं, पण पाच महिने बर्फात काढायचे कसे? तू कसे काढलेस?"

मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला चार हिवाळे काढले, भूशास्त्र शिकत. तिला पुढचे काही आठवडे जे तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, ते इथे नीट क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेच्या उत्तर भागातल्या कॉलेजांत पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे आहे. माझं एक ठाम मत आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ड्रीम स्कूल ऑक्टोबरातल्या फोटोंवरून ठरवू नका. त्या कॉलेजचा फेब्रुवारी कसा असतो ते बघा आणि मग ठरवा.

पायरी १ : बर्फाचा विचार करण्याआधी कारण लिहा

यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा : मला इथेच का जायचंय? अट अशी की ती ओळ उचलून दुसऱ्या कॉलेजपुढे ठेवली तर चालता कामा नये. "रँकिंग चांगलं आहे", "कॅम्पस सुंदर आहे" ही कारणं कुठेही चिकटतात, म्हणून ती बाद.

खरं कारण कसं असतं? प्रकाशशास्त्रात रस असेल तर रॉचेस्टर विद्यापीठात १९२९पासून त्या एका विषयाची स्वतंत्र संस्था आहे. शिकता शिकता पगारी काम करायचं असेल तर त्याच शहरात आरआयटी, म्हणजे रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तिथे को-ऑपची, म्हणजे कंपनीत पूर्णवेळ काम करण्याची पद्धत १९१२पासून चालत आलेली आहे. हवामानशास्त्र शिकायचं असेल तर ऑन्टॅरिओच्या अगदी काठावरचं सुनी (न्यूयॉर्क राज्य विद्यापीठ) ओस्वीगो घ्या. २०१३-१४च्या हिवाळ्यात सरोवरावरून येणाऱ्या बर्फाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ रडार आणि विमान घेऊन त्याच काठावर उतरले होते. तिथल्या विद्यार्थ्यांना बर्फाचा ढग बघायला कुठे जावं लागत नाही, तोच खिडकीशी येतो. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला होटन गावात मिशिगन टेक आहे. १८८५ साली खाणकाम शिकवणारी शाळा म्हणून ती सुरू झाली आणि आज तिथल्या संशोधन केंद्रात बर्फावर गाड्या कशा चालतात याच्या चाचण्या होतात. अलास्कात फेअरबँक्सला ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारी संस्था आहे, कारण तो प्रकाश त्यांच्या डोक्यावरच दिसतो.

या शेवटच्या तिन्ही ठिकाणी एक गंमत आहे. तिथे हिवाळा सोसून शिक्षण घ्यावं लागत नाही, हिवाळा हाच शिक्षणाचा भाग आहे. तुमच्या विषयाचं असं काही नातं निघतंय का, ते जरूर शोधा.

कारण एवढं नेमकं का हवं, ते माझ्या अनुभवावरून सांगते. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत सलग दोन आठवडे सूर्य दिसला नव्हता. गुरुवारी दुपारी आमची खडकांच्या पातळ चकत्या बघण्याची प्रयोगशाळा असायची. दाराशी वर्तमानपत्रावर आठ-दहा जोड बूट ओळीने निथळत असत आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास भरलेला असे. बाहेर आकाश, रस्ता, झाडं सगळं एकाच करड्या रंगाचं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, वरचा ध्रुवणकाचा दांडा आत सरकवला आणि रंगहीन दिसणारा ऑलिव्हिन या खनिजाचा कण एकदम निळा, गुलाबी, हिरवा झाला. मंच फिरवत गेले तसे रंग उजळत आणि विझत होते. आमच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घाई नाही, बघ अजून." तास साडेचारला संपायचा, मी साडेसहाला बाहेर पडले. त्या दिवशी घरी जाताना थंडी होतीच, पण मनाची तक्रार नव्हती.

ज्या कॉलेजपुढे असं कारण लिहिताच येत नाही, ते यादीतून काढून टाका. मग तिथे वर्षभर ऊन पडत असलं तरी.

पायरी २ : हिवाळा मोजा

"तिथे फार बर्फ असतो" हे वाक्य काही कामाचं नाही. हिवाळ्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात : थंडी, बर्फ आणि ढगाळपणा. प्रत्येक गावात यांचं प्रमाण वेगळं असतं आणि प्रत्येक माणसाला यातली वेगळी गोष्ट जड जाते.

अमेरिकेच्या हवामान खात्याची १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी सगळ्यांना बघता येते. तिच्यानुसार सिरॅक्यूसला एका हंगामात साधारण सव्वातीन मीटर बर्फ पडतो, रॉचेस्टरला अडीच मीटरच्या आसपास, बॉस्टन आणि मिनिआपोलिसला सव्वा मीटरच्या जवळपास. होटनमध्ये पाच मीटरच्या वर. होटन ज्या किविनॉ द्वीपकल्पावर आहे, तिथे १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच म्हणजे जवळजवळ दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. तो आकडा दाखवणारी उंच मोजपट्टी हमरस्त्याच्या कडेला उभी केलेली आहे. हे आकडे ऐकून घाबरू नका. ही सगळ्या हंगामाची बेरीज आहे, एका वेळी एवढा थर साचत नाही. मधे वितळतो, दबतो, यंत्रांनी बाजूला सारला जातो.

आता तुलना करा. मिनिआपोलिसला बर्फ सिरॅक्यूसच्या निम्म्याहून कमी, पण थंडी जास्त कडक. मोठ्या सरोवरांच्या दक्षिण-पूर्व काठांवर थंडी तुलनेने सौम्य असते, पण ढग हटत नाहीत. असं का होतं ते समजून घेतलं की नकाशा वाचता येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचं पाणी अजून कोमट असतं. त्यावरून उत्तरेची कोरडी, गार हवा वाहते, पाण्याची वाफ आणि ऊब उचलते आणि पलीकडच्या काठावर पोचली की तो ओलावा बर्फ होऊन कोसळतो. यालाच 'लेक इफेक्ट' म्हणतात. ईरी सरोवर उथळ असल्यामुळे बऱ्याचदा गोठतं आणि ते गोठलं की त्याच्याकडून येणारा बर्फ कमी होतो. ऑन्टॅरिओ खोल आहे, ते सहसा पुरतं गोठत नाही. म्हणून त्याच्या काठची गावं मार्चपर्यंत सुटत नाहीत.

हा बर्फ अरुंद पट्ट्यांत पडतो. नोव्हेंबर २०२२मध्ये ईरीच्या काठच्या बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये दोनच-तीन दिवसांत दोन मीटर बर्फ साचला आणि उत्तरेकडच्या उपनगरांत त्यामानाने फार थोडा. तेव्हा शहराचं नाव वाचून थांबू नका. कॅम्पस शहराच्या कोणत्या बाजूला आहे तेही बघा.

आणि उजेड. हा आकडा कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डिसेंबरात सिरॅक्यूसला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. होटन अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्यात अगदी पश्चिम टोकाला असल्याने तिथे डिसेंबरअखेर सूर्य साडेआठच्या पुढे उगवतो, म्हणजे सकाळच्या तासाला अंधारातच निघायचं. फेअरबँक्सला सगळ्यात लहान दिवस पावणेचार तासांचा. कोणत्याही गावाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दोन मिनिटांत सापडतात. २१ डिसेंबरच्या वेळा काढा आणि यादीत लिहून ठेवा.

पायरी ३ : फेब्रुवारीत डोकावून बघा

कॉलेजच्या माहितीपत्रकात मेपलची लाल पानं असतात आणि हिरवळीवर पुस्तक वाचणारी मुलं असतात. ते खोटं नसतं, पण वर्षातले ते मोजकेच आठवडे. त्यात उन्हाळ्याचे तीन महिने तर तुम्ही बहुधा तिथे नसताच.

वेळापत्रक सुदैवाने तुमच्या बाजूचं आहे. नियमित अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपते, निकाल मार्चच्या शेवटी येतात आणि उत्तर साधारण १ मेपर्यंत द्यायचं असतं. मधला फेब्रुवारी वाट बघण्यात जातो. तो वाया घालवू नका. प्रत्यक्ष जाता येत असेल तर त्याच महिन्यात जा. बहुतेकांना जाता येत नाही, म्हणून हे करा :

कॅम्पसवरचे थेट कॅमेरे बघा. मिशिगन टेकचे तर प्रसिद्धच आहेत. मंगळवारी दुपारी तीन वाजता तिथे माणसं चालताहेत का, मुख्य वाटा साफ आहेत का, हे तुमच्या खोलीत बसून दिसतं. विद्यार्थ्यांच्या क्लबांची इन्स्टाग्रामवरची पानं उघडा आणि मागे जात जात फेब्रुवारीपर्यंत या. ऑक्टोबरात आठवड्याला चार कार्यक्रम आणि फेब्रुवारीत एकही नाही, असं दिसलं तर ती मोठी खूण आहे. त्या महिन्यात मुलं खोल्यांत कोंडलेली आहेत, असा तिचा अर्थ.

मग तिथे शिकणाऱ्या दोन-तीन जणांशी बोला. त्यातली किमान एक व्यक्ती उबदार प्रदेशातून आलेली असावी. "हिवाळा कसा आहे?" असं विचारलंत तर "सवय होते" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी असं विचारा : गेल्या शनिवारी संध्याकाळी काय केलंस? वसतिगृहापासून पहिल्या तासाला जायला किती मिनिटं लागतात, आणि बर्फात किती? रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेतून परत कसा येतोस? बस वेळेवर येते का? गेल्या हिवाळ्यात कॉलेज किती दिवस बंद होतं? पुन्हा निवडायची वेळ आली तर काय करशील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो, तेही ऐका.

पायरी ४ : कॉलेज हिवाळ्याशी कसं वागतं ते बघा

माझ्या दृष्टीने सगळा निर्णय या पायरीवर होतो. काही कॉलेजं हिवाळा कसाबसा ढकलतात, काहींनी त्याला आपलंसं केलेलं असतं. बर्फ दोन्हीकडे तेवढाच पडतो, चार वर्षं मात्र पूर्ण वेगळी जातात.

आधी इमारती बघा. मिनेसोटा विद्यापीठात इमारतींना जोडणारे बोगदे आणि उंचावरचे बंद पूल आहेत, त्या जाळ्याला 'गोफर वे' म्हणतात. रॉचेस्टर विद्यापीठात मुख्य चौकाखालून बोगदे जातात, आरआयटीतही वसतिगृहांखाली आहेत. ज्याला गोठवणाऱ्या वाऱ्यात रोज चार वेळा ये-जा करायची आहे, त्याला याची किंमत कळते. बोगदे नसतील तर वाटा किती वाजता साफ होतात ते विचारा. चांगल्या कॅम्पसवर पहाटे पाचला बर्फ सारणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो आणि आठच्या तासाआधी मीठ टाकून झालेलं असतं.

मग कॅलेंडर बघा. मिनेसोटातल्या कार्लटनमध्ये वर्ष तीन छोट्या सत्रांत विभागलेलं असतं, न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथमध्ये उन्हाळ्याचं धरून चार. दोन्हीकडे पहिलं सत्र नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी संपतं आणि पुढचं जानेवारीच्या सुरुवातीला सुरू होतं. म्हणजे वर्षातले सगळ्यात अंधारे पाच-सहा आठवडे सुट्टीचे! व्हरमाँटमधल्या मिडलबरीत जानेवारीचा पूर्ण महिना एकाच विषयासाठी राखलेला असतो. दोन सत्रांच्या नेहमीच्या पद्धतीत मात्र सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून असते. यातलं काय झेपेल, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

आणि मग सण बघा. डार्टमथमध्ये आउटिंग क्लब, म्हणजे भटकंती करणाऱ्या मुलांचा गट, १९०९ साली निघाला आणि १९११मध्ये पहिला हिवाळी उत्सव झाला. मिशिगन टेकचा विंटर कार्निव्हल १९२२पासून चालू आहे. तिथे मुलांचे गट महिनाभर खपून बर्फाच्या प्रचंड मूर्ती आणि इमारती उभारतात आणि परीक्षणाच्या आदल्या रात्री अख्खं गाव ते बघायला रस्त्यावर असतं. म्हणजे सगळ्यात जड महिन्यात मुलांना बाहेर पडायला एक कारण मिळतं. एकट्याने बाहेर पडणं अवघड असतं, पण आपल्या गटाची भिंत अर्धवट राहिली असेल तर माणूस निघतो. मिडलबरीत काही मुलांचा प्रवेशच फेब्रुवारीत होतो, त्यांना 'फेब' म्हणतात. चार वर्षांनी पदवी घेताना ही मुलं कॉलेजच्याच स्की-टेकडीवरून टोपी आणि झगा घालून घसरत खाली येतात. फेअरबँक्सला पारा उणे चाळीसवर गेला की कॅम्पसच्या तापमान-फलकापुढे पोहण्याच्या कपड्यांत फोटो काढायची चाल आहे. उणे चाळीस सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हीत एकच असतं.

तुम्हाला स्की येत नसेल तर काही बिघडत नाही, पण साहित्य भाड्याने किंवा फुकट मिळतं का, नवशिक्यांचे वर्ग आहेत का, हे आउटिंग क्लबला ईमेल करून विचारा. उत्तर दोन दिवसांत आलं, त्यात कुणाचं तरी नाव होतं आणि "ये, आम्ही शिकवू" असं लिहिलेलं होतं, तर तो कॉलेजच्या बाजूचा मोठा मुद्दा धरा. भाचीला एका ठिकाणाहून असं उत्तर आलं. तिने लाल शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती बहुतेक वेळा राहून जाते. कुणी व्हीलचेअर वापरत असेल, चालायला त्रास असेल, थंड हवेने दमा उसळत असेल किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर अशा विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या डिसॅबिलिटी ऑफिसला अर्जाआधीच लिहा. रॅम्प आणि उतार कधी साफ होतात, दाराशी सोडणारी गाडी मिळते का, वसतिगृह आणि वर्ग जवळ मिळतील का, हे नेमकं विचारा. गोलगोल उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा. तिथे बर्फ हे कॉलेज नाकारायचं पुरेसं कारण आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ५ : मनाची सोय आधीच करा

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी साडेपाचपर्यंत उजेड असतो आणि रविवारी साडेचारला काळोख पडायला लागतो. काही जणांना त्या आठवड्यापासून झोप जास्त येते, गोड खावंसं वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, पुस्तक उघडवत नाही. हा आळशीपणा नव्हे. १९८४मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून त्यावर उपचारही आहेत. सकाळी उठल्या उठल्या वीस ते तीस मिनिटं दहा हजार लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसणं हा त्यातला नेहमीचा. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याच कॉलेजांत हे दिवे ग्रंथालयात किंवा आरोग्य केंद्रात वापरायला मिळतात. तुमच्या कॉलेजात मिळतात का ते विचारून घ्या.

मी पहिल्या वर्षी हे काहीच केलं नव्हतं. जानेवारीअखेर समुपदेशकाची वेळ मागितली तेव्हा तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते तीन आठवडे मला अजून आठवतात. म्हणून सांगते, बरं वाटत असतानाच, ऑक्टोबरात, एकदा जाऊन भेटून या. आणि कॉलेज निवडतानाच विचारा : पहिली भेट किती दिवसांत मिळते? रात्री फोनवर कुणी असतं का?

एक आकडाही तपासा. पहिल्या वर्षातले किती टक्के विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत येतात, याला रिटेन्शन रेट म्हणतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर आणि बऱ्याच कॉलेजांच्या 'कॉमन डेटा सेट'मध्ये, म्हणजे ठरलेल्या नमुन्यात प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत, तो सापडतो. एक हिवाळा बघून झाल्यावर मुलं राहिली की गेली, हे त्यातून कळतं. आकडा कमी असला तर दोष पैशांचाही असू शकतो, पण विचारायला हवंच.

पायरी ६ : हिवाळ्याचा खर्च हिशेबात धरा

फीचा हिशेब सगळे करतात, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती भरावं लागेल याचा अंदाज देणारा) वापरा, पण तो बहुधा अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर किती मदत मिळते ते कॉमन डेटा सेटच्या एच-६ या भागात बघा. डार्टमथ आणि मेन राज्यातलं बोडिन या दोन्ही बर्फाळ कॉलेजांनी २०२२मध्ये जाहीर केलं की परदेशी अर्जदारांची निवड करतानाही ते पैशांची गरज बघणार नाहीत. अशी कॉलेजं थोडीच आहेत, म्हणून ही नावं लक्षात ठेवा.

हिवाळ्याचे खर्च मात्र लपलेले असतात. डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह उघडं राहतं का? राहिलं तर वेगळे पैसे पडतात का, जेवणघर चालू असतं का? पुढे बाहेर खोली घेतलीत तर हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं? जुन्या लाकडी घरांत हा फरक मोठा असतो. करारावर सही करण्याआधी घरमालकाकडून मागच्या जानेवारीचं बिल मागा. आणि दारापुढचा बर्फ कुणी काढायचा, तेही करारात लिहून घ्या. गरजू विद्यार्थ्यांना कोट-बुटांसाठी मदत देणारीही कॉलेजं आहेत. आर्थिक मदत कार्यालयाला विचारायला संकोच करू नका.

पायरी ७ : कपडे

घरून मोठा कोट घेऊन येऊ नका. बूट आणि बाहेरचा कोट तिथेच, ऑक्टोबरात घ्या, शक्यतो वरच्या वर्गातल्या मुलीमुलांना बरोबर नेऊन. पदवी घेऊन जाणारे मे महिन्यात कपडे विकून किंवा देऊन जातात, त्यांच्याकडूनही मिळतात.

नियम थरांचा आहे. अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मधे फ्लीस किंवा लोकर, बाहेर वारा आणि पाणी अडवणारा थर. अंगालगत सुती नको, घामाने ओलं होतं आणि वाळत नाही. बूट पाणी न झिरपणारे, आतून उबदार आणि जाड मोज्यासह बोटं हलतील एवढे सैल. घट्ट बुटात पाय लवकर गार पडतात. बोटं एकत्र राहणारे हातमोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा जास्त ऊब देतात.

थर्मामीटरपेक्षा वारा बघायला शिका. उणे अठरा सेल्सिअसला ताशी चोवीस किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे अठ्ठावीस लागतं आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. अशा दिवशी कान, नाक, गाल झाका आणि बसस्टॉपवर उभं राहण्याऐवजी आत थांबून बसचं ॲप बघा. उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, म्हणून मीठ टाकलेली वाटही निसरडी असू शकते. ओल्या डांबरासारखा दिसणारा काळा, पातळ बर्फ सगळ्यात वाईट. पावलं छोटी टाका, तळवा पूर्ण टेकवा आणि हात खिशाबाहेर ठेवा.

पायरी ८ : पहिला हिवाळा

पहिला बर्फ बहुधा रात्री पडतो. मजल्यावर कुणीतरी ओरडतं, दारं उघडतात. अभ्यास कितीही राहिला असला तरी त्या रात्री खाली जा. ज्या मुलींबरोबर मी त्या रात्री वसतिगृहामागच्या उतारावर पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून घसरत होते, त्यातल्या दोघी आजही मला दर रविवारी फोन करतात.

आठवड्यातली एक ठरलेली जागा आणि वेळ मिळवा, जिथे तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी विचारेल : गायनवृंद, प्रयोगशाळा, स्वयंपाकाचा गट, काहीही. हे सप्टेंबरात ठरवा, जानेवारीत नवीन माणसं शोधायला अंगात बळ नसतं. दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. वर्ग निवडताना सगळे तास सकाळी लावून दुपार खोलीत काढायची, असं करू नका. मी केलं होतं. चार वाजता अंधार पडायला लागला की दिवसभर बाहेरच पडले नाही हे लक्षात यायचं.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेलात तर परतीचं तिकीट वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचं काढू नका. सरोवरांच्या भागातली विमानं जानेवारीत वादळामुळे सर्रास रद्द होतात आणि शेवटचं छोटं विमान तर हमखास. दोन दिवस हाताशी ठेवा. बूट आणि जाड कोट सामानात टाकू नका, अंगावर घाला. हातमोजे, टोपी आणि फोनचा चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. वसतिगृहाच्या दाराचं कार्डही तिथेच, कारण पोचाल तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले असतील, कार्यालय बंद असेल आणि टॅक्सीवाला सामान दारापुढच्या बर्फात उतरवून निघून गेलेला असेल.